सुंदरफुईची दांडी

मित्रांनो, घरात शिरल्यावर तुम्ही भिंतीवर काय बघता? घड्याळ, कॅलेंडर, नाहीतर टीव्ही. मी भिंतीवरच राहते, पण माझ्याकडे बघावं असं माझ्यात काही नाही. माणसाच्या हाताला लागणं एवढंच माझं काम. मी एक जुनी सागवानी दांडी आहे. एरंडोलमधल्या एका धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात, मोठ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, लाकडी खुंट्यांवर मला बसवलेलं आहे. माझं वय आता साठीला आलं. त्यातली चाळीस वर्षं मी फळ्यांच्या मागे अंधारात काढली. ती का काढावी लागली, आणि मी पुन्हा उजेडात कशी आले, ते तुम्हाला सांगते.

मी मूळची सातपुड्यातली. रुपचंद मिस्तरी बैलगाड्या बनवायचे. त्यांच्या अंगणात गाडीसाठी आणलेल्या लाकडातून उरलेला मी एक लांब तुकडा होते. आपणही एखाद्या गाडीला लागू, कापूस घेऊन धरणगावच्या जिनिंगला जाऊ, असं मला वाटायचं. पण तसं झालं नाही.

त्या वर्षी गावातल्या पुना आबांची थोरली बहीण सुंदरबाई सासरहून कायमची परत आली. तिचं वय पस्तिशीचं. समोरचं माणूस तिला दिसायचं, पण बाजूला ठेवलेला तांब्या पायाला लागल्यावरच कळायचा. दिवस मावळला की तिची फारच अडचण व्हायची. सासरच्यांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मग पत्र्याच्या पेटीसकट तिला भावाच्या दारात आणून सोडलं. पुना आबांनी पेटी आत नेली.

सुंदरबाई भिंतीला हात लावून चालायची. मातीची भिंत खरखरीत. तिचा तळहात रोज पांढरा व्हायचा आणि बोटांची टोकं सोलवटायची. एके दिवशी भाकर थापताना तिच्या बोटांचं रक्त पिठाला लागलं. ते पाहून पुना आबा तसेच उठून रुपचंद मिस्तरींकडे गेले. मिस्तरींनी मला रंधा मारला, हातात धरून दहादा फिरवलं, पुन्हा रंधा मारला. तिच्या खाटेपासून मोरीपर्यंत मी लागले. सुंदरबाईनं पहिल्यांदा मला धरलं तेव्हा ती चालली नाही. नुसती उभी राहिली, आणि थोड्या वेळानं हसली.

पुढच्या वर्षी तिला दिवसाही चुलीपर्यंत जाता येईना. मिस्तरी पुन्हा आले, दुसरं लाकूड आणून मला जोडलं. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा तुकडा लागला आणि मी ओसरीच्या पायरीपर्यंत पोहोचले. त्या वेळी मिस्तरींना एक कल्पना सुचली. दांडी धरली की बोटं खालच्या बाजूला वळतात. तिथं, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी खुणा कोरल्या. चुलीजवळ गोल भाकर. मोरीजवळ मासा. कापसाच्या खोलीपाशी बोंड. आणि पायरी येण्याआधी तीन खाचा, म्हणजे आता जपून.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. सुंदरबाईचे डोळे पूर्ण गेले, पण तिचं काम थांबलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर तिच्या हाताची, डाळ निवडणं तिच्या बोटांचं. पुना आबांची दोन मुलं, भाईदास आणि मंदा, तिच्या मागेपुढे असायची. वडिलांच्या बहिणीला आमच्याकडे फुई म्हणतात. पोरं तिला सुंदरफुई म्हणायची आणि मला ‘फुईची दांडी’. डोळे मिटून, खुणा चाचपत चुलीपासून ओसरीपर्यंत जायचं, हा त्यांचा खेळ होता. भाईदास हळूच डोळे उघडायचा. फुईला ते त्याच्या पावलांवरून कळायचं आणि ती त्याला पुन्हा चुलीपाशी पाठवायची. पाहुणे आले की मला हात लावून बघायचे, मिस्तरींचं कौतुक करायचे. मला वाटायचं, गाडीला लागले असते तर एव्हाना झिजून गेले असते. इथं मी हातांच्या तेलानं चमकत होते.

मंदाचं लग्नाचं वय झालं. धुळ्याहून एक चांगलं स्थळ सांगून आलं. मुलगा एसटीत नोकरीला, घर शेतीवाडीचं. पाहुणे अमुक दिवशी बघायला येणार असं ठरलं आणि कुणीतरी पुना आबांच्या कानावर घातलं, की ही दांडी बघून पाहुणे विचारतील. आंधळेपणा घराण्यात आहे असं कळलं तर मुलगी कोण करणार? पुना आबांनी चार रात्री ओसरीवर येरझाऱ्या घातल्या. शेवटी सुंदरफुईनंच विषय काढला. डाळ निवडता निवडता तिनं भावाला सांगितलं की दांडीवर फळ्या ठोकून टाक, आणि पाहुणे येतील त्या दिवशी मला शेजारच्या घरी नेऊन बसव.

पुना आबा नाही म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, “पोरनं चांगलं व्हऊ दे. माले धराले भीत शे ना.”

पोरीचं चांगलं होऊ दे, भिंत आहे ना मला धरायला, असं ती म्हणाली.

फळ्या ठोकायचं काम चोवीस वर्षांच्या भाईदासवर आलं. मंदा त्या दिवशी मामाच्या गावी होती. माझ्यापुढे चौकट उभी करून त्यावर आंब्याच्या फळ्या बसवायच्या होत्या. सुंदरफुई त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. खिळे तिच्या ओच्यात होते. भाईदासनं हात पुढे केला की ती एक खिळा द्यायची. शेवटची फळी बसेपर्यंत मला तिचा हात दिसत होता. मग तोही दिसेनासा झाला.

लग्न जमलं आणि छान पार पडलं. लग्न झालं की फळ्या काढायच्या असं ठरलं होतं. पण मग पहिली दिवाळी आली, सासरची माणसं येणार होती. मग मंदा बाळंतपणाला आली. पुढे कुणी विषयच काढला नाही. सुंदरफुईचे डोळे तापात गेले, असं व्याह्यांना सांगितलं गेलं होतं. ते इतक्यांदा सांगितलं की घरच्यांनाही तेच खरं वाटू लागलं.

सुंदरफुई त्यानंतर नऊ वर्षं जगली. फळ्यांवर तळहात टेकून ती चालायची. पलीकडे भाकरीची खूण जिथं होती, बरोबर तिथं तिचा हात क्षणभर थांबायचा. मी आतून ऐकत असायचे. एके दिवशी तो हात आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. घरात बायकांच्या रडण्याचा आवाज आला, तेव्हा मला कळलं.

नंतर फळ्यांना रंग लागला. पुढे त्यांच्यावर सनमायका चढला. आतल्या बाजूनं वाळवी लागली, उंदरांनी घर केलं. पुना आबा गेले. भाईदासचं लग्न होऊन बेबाबाई घरात आल्या होत्या, त्यांचा मुलगा नीलेश मोठा झाला, जळगावला ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात लागला. त्याचं मयुरीशी लग्न झालं. ती घरीच शिवणकाम करते. तिच्या मशीनची टकटक मला रोज ऐकू यायची. हे सगळं मी नुसतं ऐकलं. या घरात माझ्यासारखं काही आहे, हे नीलेशला माहीतही नव्हतं.

आणि मग, वर्षभरापूर्वी, फळीवर पुन्हा बोटं सरकली.

मी दचकले. कोण हे? बोटं मोठी, पुरुषाची, शेतात राबलेली. अगदी हळू, अंदाज घेत जात होती. दुसऱ्या दिवशीही आली. मला ओळखायला वेळ लागला नाही. ज्या हातानं फळ्या ठोकल्या होत्या तोच तो हात होता. भाईदास आता पासष्टीला आले होते. सून, मुलगा त्यांना आबा म्हणायचे. त्यांनी शेतात जायची लुना बंद केली, गुडघे दुखतात म्हणाले. पाण्याचा हंडा त्यांच्या पायानं सांडला की बेबाबाई चिडायच्या, लक्ष कुठे असतं विचारायच्या. ते हंडा उचलून पुन्हा भरायला जायचे.

यंदा नीलेशनं घराचं काम काढलं. धाबं काढून स्लॅब टाकायचा, आणि मधली भिंत पाडून ओसरीसकट एक मोठा हॉल करायचा, असा त्याचा बेत होता. बाहेरच्या खोलीत सामान हललं, नवल गवंडी माणसं घेऊन आला. पहिल्याच सकाळी सनमायका उखडला, मागच्या पोखरलेल्या फळ्या हाताला लागताच गळून पडल्या, आणि चाळीस वर्षांनी माझ्या अंगावर ऊन आलं.

सगळे बघत राहिले. मयुरीनं ओढणीच्या टोकानं धूळ पुसली आणि खाली साग चमकला. वाळवीनं सगळं खाल्लं, पण हिला तोंड लावलं नाही, असं नवल म्हणाला. नीलेशनं वडिलांना विचारलं, हे काय आहे. आबा खाटेवर बसले होते. ते म्हणाले, जुन्या काळी पंचे वाळत घालायला होती.

मित्रांनो, हे ऐकून मला काय वाटलं असेल? पण मला तोंड नव्हतं. भिंत पडणारच होती, तेव्हा नवलनं ओसरीकडच्या टोकाला पहार घातली आणि जोर दिला. खुंटी निघाली, आणि माझं टोक, पायरीच्या खाचा होत्या तेच, कडकन मोडलं.

त्या आवाजानं आबा उठले. “थांब नवल,” म्हणाले आणि चालत आले. वाटेत डाव्या हाताला घमेलं होतं. भर उजेडात, सगळ्यांच्या देखत, ते त्यात अडखळले. पडता पडता त्यांनी मला धरलं. त्यांची बोटं आपोआप माझ्या खालच्या बाजूला वळली आणि तिथंच थांबली. मग ते एकेक पाऊल टाकत भिंतीच्या कडेनं निघाले. बोंडापाशी थांबले. भाकरीपाशी थांबले. माशापाशी पोहोचल्यावर त्यांनी कपाळ भिंतीला टेकवलं.

मयुरीनं वाकून खालून पाहिलं तेव्हा तिला खुणा दिसल्या. तिनं काही विचारायच्या आत आबाच बोलले. सुंदरफुईची सगळी हकिगत त्यांनी सांगितली, अगदी खिळे कुणी दिले ते सुद्धा. शेवटी म्हणाले, “ह्या फळ्या मीच ठोक्यात.”

मग मयुरीनं हळूच विचारलं, “आबा, ते घमेलं तुम्हाला दिसलं नाही का?”

आबांनी मला सोडलं नाही. “नही,” म्हणाले. “माले बाजूनं दिसत नही. वरीस व्हई गयं.”

बेबाबाई दारातच खाली बसल्या. हंड्यावरून आपण या माणसाला किती बोललो, हे बहुतेक त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. “मंग माले काबरं नही सांगं?” त्यांनी विचारलं.

“तू वावरमा जाऊ देती नही,” आबा म्हणाले. एवढंच कारण होतं. शेतात जाऊ देणार नाहीत, या भीतीनं त्या माणसानं आपला अंधार वर्षभर एकट्यानं सांभाळला होता.

दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवून नीलेश आणि मयुरी त्यांना जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथं काय झालं ते मला संध्याकाळी, ते ओसरीवर बसून बेबाबाईंना सांगत होते, तेव्हा कळलं. आबांना काचबिंदू होता. त्यात कडेची नजर चोरपावलांनी जाते, दुखत नाही, खुपत नाही. गेली ती नजर परत येणार नव्हती. पण उरलेली टिकवता येईल, रोज थेंब घालावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का. आबांनी सवयीनं सांगितलं, एक फुई होती, पण तिचे डोळे तापात गेले.

तेव्हा मयुरी मध्ये बोलली. कापडाचा जोड कुठं आहे हे तिच्या नजरेतून सुटत नाही. माझी धूळ पुसताना तिनं माझे जोड पाहिले होते. “डॉक्टर, फुईंसाठी भिंतीला लावलेली दांडी तीन टप्प्यांत लागली आहे,” ती म्हणाली. “तिन्ही लाकडं वेगळी आहेत. तापात गेले असते, तर एकदाच लावली असती ना?”

लहानपणी आपणच मिस्तरींना तीनदा चहा नेऊन दिला होता, हे आबांना आठवलं. डॉक्टर म्हणाले की हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, तेव्हा आता मुलाचेही डोळे तपासू. नीलेश नको म्हणत होता, मला सगळं स्वच्छ दिसतं म्हणत होता. तपासलं तर त्याच्याही डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. नजर अजून कुठेच गेली नव्हती. अगदी वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले.

हे सांगून झाल्यावर नीलेश उठून आत आला. बाहेर बायका बोलत होत्या. तो माझ्याखाली जमिनीवर बसला, हात वर करून मला धरलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा हात मला लागत होता.

भिंत पाडायचा बेत त्यानं सोडून दिला. नवलला स्लॅबचं काम पुढे चालू ठेवायला सांगितलं, आणि मोडलेल्या टोकासाठी ललित सुताराला बोलावलं. ललित फर्निचरवाला, त्याला मला चकचकीत पॉलिश करायचं होतं. आबांनी नको म्हटलं, हात घसरेल म्हणाले. ललितनं नवं टोक जोडलं, खाचा कोरल्या, आणि आबांनी बोटं फिरवून दोनदा नापास केल्यावर तिसऱ्यांदा त्या खोल केल्या. बेबाबाईंनी आणखी एक खूण मागून घेतली. डोळ्यांचं औषध ठेवायच्या फळीपाशी त्यांना एक थेंब हवा होता. आता सकाळ-संध्याकाळ त्या दोघांनाही, नवऱ्याला आणि मुलाला, तिथंच उभं करून औषध घालतात.

एक गोष्ट राहिली होती. मंदाबाईंना कळवायची. नीलेशनं फोनवर एवढंच सांगितलं की मंदाफुई, डोळे तपासून घ्या आणि एकदा या. त्या धुळ्याहून एसटीनं आल्या. एका डोळ्यात थोडी सुरुवात आहे, औषध चालू केलं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून धाकट्या मुलीचेही डोळे तपासले, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि हातातली पिशवी खाली ठेवायची राहिली.

आबांनी बहिणीला जवळ बसवून सगळं सांगितलं. दांडी मोडकळीला आली म्हणून झाकली, असं तेव्हा मंदाला सांगितलं होतं. तिच्या लग्नासाठी झाकली, हे तिला कुणीच कधी कळू दिलं नव्हतं. मंदाबाई ऐकत राहिल्या.

“माले कोणी सांगं नही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवाळीले उनू तवय मी फुईलेच सांगं व्हतं, फळ्या चांगल्या दिसतस.”

आबांनी बहिणीच्या पाठीवर हात ठेवला.

मंदाबाईंची धाकटी मुलगी सुलक्षणा. तिचं अमळनेरच्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं, साखरपुडा तेवढा बाकी होता. चहा झाल्यावर मंदाबाईंनी पिशवीतून फोन काढला. कुणाला लावता, बेबाबाईंनी विचारलं. होणाऱ्या विहीणबाईंना, त्या म्हणाल्या. बेबाबाई काळजीत पडल्या. भेटीत सावकाश सांगा, आधी मुलीला तरी विचारा, म्हणाल्या. सुलक्षणाला विचारूनच आले आहे, असं मंदाबाईंनी सांगितलं. त्या उठून माझ्यापाशी आल्या. एका हातानं मला धरलं, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला, आणि काहीही न लपवता सांगून टाकलं. आमच्या घराण्यात काचबिंदू आहे. माझ्या फुईला होता, भावाला आहे, मला सुरू झालाय. मुलीचे डोळे तपासले, आज चांगले आहेत, पण दरवर्षी तपासावे लागतील. तुम्ही विचार करून कळवा.

पलीकडून उत्तर येईपर्यंत मंदाबाईंची पकड इतकी घट्ट झाली की त्यांच्या अंगठीची कड मला रुतली. मग त्या बाईचा आवाज आला, अगदी दबक्या स्वरात. त्यांच्या सासूबाईही हल्ली दारांना धडकतात, म्हणाल्या. घरात सगळ्यांनी म्हातारपण म्हणून सोडून दिलंय. जळगावचे ते डॉक्टर कोणते, पत्ता पाठवाल का?

पुढच्या आठवड्यात साखरपुडा झाला.

मित्रांनो, तुमच्या घराचं काम निघालं आणि एखाद्या फळीमागून, गिलाव्यामागून काही जुनं निघालं, तर पहार लावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याबद्दल विचारा. पहिल्यांदा ते खोटं सांगतील, जसं आमच्या आबांनी सांगितलं. थोडं थांबा, पुन्हा विचारा. घरातल्या आजाराची लाज बाळगून त्यावर फळ्या ठोकू नका. झाकलेला आजार बरा होत नाही, तो पुढच्या पिढीला बेसावध गाठतो. माझ्यासारखी एखादी दांडी तुमच्याकडे असेल, तर तिच्यावर ओले टॉवेल टाकू नका, कोरड्या फडक्यानं पुसत जा. आणि तुमच्या घरात कुणी अलीकडे भिंतीला हात लावून चालायला लागलं असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा.